वेड पांघरून पेडगांवास

पिकतें तेथें विकत नाहीं, ही म्हण धान्याइतकीच इतिहासासहि लागू आहे. आम्ही गेलीं तीस वर्षें पुण्यांतील एका महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकवीत आहों. वाय नदीच्या कांठच्या टिंटर्न ॲबेचें वर्णन आम्हीं वर्गांत इतक्या वेळां केलें आहे कीं, वर्डस्वर्थच्या त्या काव्यांत मथळ्याखेरीज ॲबेचें नांवहि कोठें येत नाहीं, याची आठवण विद्यार्थ्यांस मुद्दाम करून द्यावी लागते. एकदां विलायतेस जाण्याचा योग आला, तेव्हां वेस्टमिन्स्टर ॲबेच्या कविकोपऱ्यांत आम्ही अर्धा दिवस देवळांत उभें राहावें तसे उभे होतों. परंतु आमच्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर आणि दौंड हे दोन तालुके आमच्या लेखीं केवळ दोन रस्ते होते. एक नगरकडे जाणारा आणि दुसरा सोलापुरास जाणारा.

गेल्या माघांत हा दोष धुऊन काढण्याचें आम्हीं मनावर घेतलें. कन्या बंगळूरहून चार दिवसांच्या रजेवर आली होती, आणि चिरंजीवांस मोटार हांकण्याचा परवाना नुकताच मिळाल्यामुळें त्यांना कोठें तरी लांब जाण्याची घाई झाली होती. आम्हीं शनिवारीं रात्रीं बसून एक टिपण तयार केलें. स्थळ, अंतर, काल आणि काय पाहावें अशीं चार सदरें त्यांत होतीं. कोरेगांव, वढू, रांजणगांव, शिरूर, इनामगांव, दौंड, पेडगांव, अशीं सात स्थळें. कन्येनें तो कागद पाहून विचारलें, "बाबा, ही सहल आहे कीं परीक्षेचें वेळापत्रक?" आमच्या पत्नीनेंहि तो वाचला. दौंडासमोर 'काय पाहावें' या सदरांत आम्हीं केवळ 'भोजन' असें लिहिलें होतें. दौंड हें तिचें माहेर. वडील रेल्वेंत होते. ते निवृत्त होऊन गांव सोडून गेल्यापासून ती तेथें गेलेली नव्हती. तिनें त्या ओळीवर क्षणभर बोट ठेवलें आणि कागद परत दिला.

रविवारीं सकाळीं साडेसहास निघालों. लोणीकंद मागें टाकून पेरण्याच्या हद्दींत भीमेच्या अलीकडे जयस्तंभ लागतो. 1817 सालच्या शेवटच्या रात्रीं कॅप्टन स्टाँटन हा शिरूरच्या छावणींतून सुमारें 500 पायदळ, 300 च्या आंतबाहेर घोडेस्वार आणि दोन तोफा घेऊन पुण्याकडे निघाला, आणि रात्रभर चालून 1 जानेवारी 1818 रोजीं सकाळीं कोरेगांवास पोंचतो तों नदीच्या पलीकडे पेशव्यांची फौज उभी! दिवसभर गांवाच्या गल्ल्यांतून झुंज झाली. पुढें 1821 मध्यें या स्तंभाचा पाया घातला गेला. त्यावर पडलेल्या शिपायांचीं 49 नांवें आहेत. त्यांपैकीं 22 नांवांच्या शेवटीं 'नाक' हें महार शिपायांचें पद आहे. आमच्या लहानपणीं ही लढाई पेशवाईच्या अखेरीचें एक प्रकरण म्हणून शिकविली जाई. हीं नांवें कोणी वाचून दाखविलीं नाहींत. डॉ. आंबेडकर 1 जानेवारी 1927 रोजीं येथें आले, आणि आतां दर वर्षीं त्या तारखेस लाखों लोक अभिवादनास येतात. चिरंजीव तीं नांवें एकेक करून मोठ्यानें वाचूं लागले. पत्नी म्हणाली, "वाच, वाच. ज्यांचीं नांवें राहिलीं त्यांना निदान हांक तरी मारतां येते." आम्हांस तें वाक्य त्या वेळीं चांगलें वाटलें, इतकेंच.

वढू बुद्रुक तेथून जवळच आहे. संभाजी महाराजांची समाधी पाहण्यास आलेल्या शाळकरी मुलांच्या गर्दींतहि तेथें एक प्रकारची शांतता होती. महाराज आणि कवि कलश यांना 1689 च्या फेब्रुवारीच्या आरंभीं संगमेश्वरास पकडलें, बहादुरगडास म्हणजे पेडगांवास औरंगजेबाच्या छावणींत आणलें, आणि 11 मार्च रोजीं या भीमेच्या कांठीं हालहाल करून मारलें. आमच्या टिपणांत पेडगांव सर्वांत शेवटीं होतें. कारण रस्त्याची सोय तशी होती. कन्येच्या तें ध्यानांत आलें. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही आम्हांला गोष्ट शेवटापासून आरंभाकडे नेत आहांत." आम्हीं उत्तर दिलें कीं, इतिहासकार नेहमीं असेंच करितो, त्याला शेवट आधीं ठाऊक असतो. वर्गांत शोभणारें असें हें वाक्य होतें.

रांजणगांवास महागणपतीचें दर्शन घेतलें. अष्टविनायकांतील हें स्थान. माधवराव पेशव्यांची या देवावर भक्ति होती. आतां देवळाच्या शिखरापेक्षां आसपासच्या कारखान्यांच्या चिमण्या व पत्रे आधीं दिसतात. पत्नीनें नारळ फोडला, दूर्वांची जुडी वाहिली, आणि नित्यापेक्षां किंचित् अधिक वेळ डोळे मिटून उभी राहिली. आम्ही घड्याळ पाहात होतों. टिपणाप्रमाणें वीस मिनिटें उशीर झाला होता.

शिरूर म्हणजे घोडनदी. गांवास नदीचें नांव पडावें आणि तालुक्यास मूळ नांव राहावें, असा थोडा घोटाळा येथें आहे. कंपनी सरकारची मोठी छावणी एके काळीं येथें होती, आणि त्या छावणीचा एक अधिकारी कर्नल विल्यम वॉलेस 1809 मध्यें येथेंच मरण पावला. वेलस्लीच्या हाताखालीं 1803 मध्यें तो मराठ्यांशीं लढला होता. म्हणजे आमच्या शत्रुपक्षाचा माणूस! पण शिरूरच्या लोकांनीं त्याच्या थडग्यास देवत्व दिलें. ते त्याला 'सत्पुरुष' म्हणत, आणि सुगीच्या वेळीं त्याच्या कबरीवर धान्य नेऊन वाहात, अशी नोंद 1885 च्या पुणें जिल्ह्याच्या ग्याझेटियरांत आहे. हा प्रकार आम्हांस वेस्टमिन्स्टरमधील सर्व स्मारकांपेक्षां अधिक आश्चर्याचा वाटतो. तेथें राष्ट्र आपल्या माणसांस पुरतें आणि शिलालेख खोदतें. येथें परका मनुष्य घरापासून हजारों कोस दूर मेला, आणि कुणब्यांनीं त्याला आपल्या खळ्यावरचा वांटेकरी केलें. त्याच्या विजयांशीं त्यांना कर्तव्य नव्हतें. मेलेला माणूस उपाशी राहूं नये, एवढेंच त्यांना कळत होतें.

शिरूरहून न्हावऱ्यावरून इनामगांवास जाण्याचा रस्ता उंसांतून आणि शाळूंतून जातो. इनामगांव हें आमच्या टिपणांतील मानाचें पान होतें, आणि मुलांची घोर निराशाहि तेथेंच झाली. कारण तेथें पाहण्यासारखें कांहीं नाहीं. घोड नदीच्या उजव्या कांठीं राखट मातीचीं टेंकाडें आहेत, बाभळी आहेत, शेळ्या आहेत. जुन्या वस्तीच्या अशा मातीस आपल्याकडे पांढरी म्हणतात. पिकाची ती काळी आणि माणसांची ती पांढरी. या पांढरींत डेक्कन कॉलेजच्या विद्वानांनीं, सांकळिया, ढवळीकर, अन्सारी आदिकरून मंडळींनीं, 1968 पासून 1983 पर्यंत उत्खनन केलें, आणि शंभराहून अधिक घरें उजेडांत आणिलीं. इ. स. पूर्वीं सुमारें 1600 पासून 700 पर्यंत, म्हणजे जवळ जवळ नऊशें वर्षें, येथें शेतकरी नांदत होते. ते जव पिकवीत, गुरें पाळीत, तांबडीं भांडीं काळ्या रंगानें रंगवीत. नदीच्या पुराचें पाणी अडवून पाटानें शेतांस नेण्याची युक्ति त्यांना साधली होती. त्यांच्या एका पुढाऱ्याचें पांच दालनांचें घर होतें आणि शेजारीं धान्याचें कोठार होतें. पुढें पाऊसमान बिघडलें असावें. प्रशस्त चौकोनी घरें जाऊन लहान गोल झोंपड्या आल्या, आणि अखेर गांव उठलें.

हें सर्व आम्ही एका टेंकाडावर उभे राहून सांगत होतों. चिरंजीव मधून मधून मोटारीकडे पाहात होते. त्यांचें लक्ष वेधावें म्हणून आम्हीं मुद्दाम दफनाचा विषय काढला. तरुण मुलांस मृत्यूची गोष्ट नेहमीं मनोरंजक वाटते. आम्ही सांगूं लागलों कीं, हे लोक मृतांस घराबाहेर नेत नसत. घराच्या जमिनींतच किंवा अंगणांत पुरीत. मोठ्या माणसांचे पाय घोट्यावर तोडीत. मेलेल्यानें घर सोडून जाऊं नये, असा त्यांत हेतु असावा. लहान मूल गेलें तर दोन मडकीं घेत, त्यांत तें ठेवीत, मडक्यांचीं तोंडें एकमेकांस लावीत आणि खड्ड्यांत आडवीं निजवीत. जवळ लहानसें भांडें ठेवीत. अशीं कितीतरी मुलें येथें निघालीं.

"तोंडाला तोंड लावून?" पत्नीनें विचारलें.

आम्ही म्हणालों, "होय. त्या आकाराविषयीं विद्वानांचें मत असें आहे कीं, गर्भाशयाचें तें प्रतीक..."

"मत राहूं द्या," ती म्हणाली. "घरांतच पुरीत ना? आईच्या पायांखालीं?"

"होय."

"म्हणजे तिला रोज ठाऊक असे, कोठें आहे तें."

एवढें बोलून ती त्या पांढरीवर खालीं बसली. मुलें एकमेकांकडे पाहूं लागलीं. आमच्या तोंडून पुढचें वाक्य निघेना. तीस वर्षें व्याख्यानें देणाऱ्या मनुष्याची अशी स्थिति क्वचितच होते.

येथें वाचकांस एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. ती आम्हीं आजवर कोणासहि सांगितलेली नाहीं, आणि आमच्या मुलांनींहि ती त्या टेंकाडावर प्रथमच ऐकिली. सत्तावीस वर्षांपूर्वीं आषाढांत, पहिल्या बाळंतपणास पत्नी दौंडास माहेरीं गेली होती. मुलगा झाला, आणि नवव्या दिवशीं गेला. त्या दिवशीं सकाळीं अकराच्या सुमारास महाविद्यालयाच्या कचेरींत दूरध्वनीवरून निरोप आला कीं, मुलास बरें नाहीं, निघून या. आम्हीं विचार केला कीं, नवजात मुलास सर्दीपडसें व्हायचेंच. पुढचे दोन तास घेऊन संध्याकाळच्या गाडीनें गेलों. पोंचलों तेव्हां सर्व आटोपलें होतें. सासरे आणि शेजारचे तिघे दुपारीं चारच्या आंत भीमेच्या कांठीं जाऊन आले होते. अशा वेळीं बायका जात नाहींत. सासऱ्यांनीं आम्हांस हळूच सांगितलें, "उद्यां सकाळीं चला. जागा दाखवितों."

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही दोघे घरांतून बाहेर पडलों. रेल्वेच्या वसाहतींतून नदीकडे एक वाट जाते आणि स्टेशनाकडे दुसरी. फांट्यावर आम्ही थांबलों आणि म्हणालों, "जाऊन काय करायचें?" सासरे कांहीं बोलले नाहींत. आम्ही स्टेशनांत जाऊन एका बांकावर बसलों. पुण्याकडून आलेली, मनमाडकडे जाणारी एक गाडी उभी होती. त्या काळीं दौंडास अशा गाडीचें इंजिन एका टोकाचें सोडून दुसऱ्या टोकास जोडावें लागे, आणि मग ती गाडी आल्या दिशेस तोंड करून निघे. तें सोडणें आणि जोडणें आम्ही दोघे अर्धा तास पाहात होतों. चहा घेतला आणि घरीं परतलों. पत्नीनें विचारलें नाहीं, आम्हीं सांगितलें नाहीं. आम्ही नदीवर जाऊन आलों असें तिनें गृहीत धरलें असावें, असें आम्हीं गृहीत धरिलें. पुढें मुलगी झाली, मुलगा झाला, संसार चालला. सर्व ठाऊक असून कांहींच ठाऊक नाहीं असें दाखविण्यास आपल्या भाषेंत वेड पांघरून पेडगांवास जाणें म्हणतात. आमच्या घरांत ही यात्रा सत्तावीस वर्षें अखंड चालली होती.

दौंडास पोंचलों तेव्हां अडीच वाजून गेले होते. पुण्याकडून येणारा लोहमार्ग येथें 1858 मध्यें आला आणि मनमाडचा मार्ग 1878 मध्यें निघाला. तेव्हांपासून हा गांव हिंदुस्थानच्या नकाशावर जंक्शन म्हणून प्रसिद्ध आहे. इंग्रजी कागदपत्रांत त्याचें नांव 'धोंड' असें होतें. जेवणाचीं ताटें समोर आलीं, पण कोणाचें जेवणांत लक्ष नव्हतें. ताक पितां पितां पत्नी म्हणाली, "नदीवर जाऊं. तुम्हीं ती जागा पाहिली आहे. मला दाखवा."

मुलें समोर बसलीं होतीं. खोटें बोलण्यास एवढी मोठी अडचण आम्हांस पूर्वीं कधीं पडली नव्हती. आम्हीं सर्व सांगितलें. दोन तास घेतले तें सांगितलें, फांट्यावर काय म्हणालों तें सांगितलें, बांकाविषयीं सांगितलें. कन्येनें मान खालीं घातली होती.

पत्नी म्हणाली, "ठाऊक आहे मला."

आम्ही तिच्याकडे पाहात राहिलों.

"दादा आजारी होते तेव्हां सांगून गेले. म्हणाले, त्याला दोष देऊं नकोस, त्याच्यानें पाऊल उचलवेना. आणि जागाहि सांगितली."

"मग इतकीं वर्षें बोलली कां नाहींस?"

"तुम्ही कधीं सांगतां तें पाहात होतें," ती म्हणाली. तिच्या स्वरांत राग असता तर आम्हांस सोपें गेलें असतें.

त्यानंतर वाट दाखविण्याचें काम आमच्याकडे राहिलें नाहीं. रेल्वेच्या पुलाच्या खालच्या अंगास, कांठावरच्या एका बाभळीजवळ, असें सासऱ्यांनीं सांगितलें होतें. आम्ही चौघे तेथें गेलों. बाभळी पुष्कळ होत्या. सत्तावीस वर्षांपूर्वींची त्यांत कोणतीच नसावी. मध्यंतरीं भीमेस किती पूर आले आणि कांठ किती वेळां खचला, त्याला गणति नाहीं. इनामगांवास निदान पांढरी होती. येथें नुसती वाळू, काळी माती आणि वाहणारें पाणी. पत्नी एका ठिकाणीं थांबली. तें ठिकाण तिनें कां निवडलें हें आम्हीं विचारलें नाहीं. रांजणगांवच्या देवळांतून आणिलेला नारळाचा प्रसाद तिच्या पिशवींत होता. तो तिनें मातींत ठेवला. आम्हांस शिरूरच्या कुणब्यांची आणि त्यांच्या सत्पुरुषाची आठवण झाली. पण ती आम्हीं बोलून दाखविली नाहीं.

थोड्या वेळानें चिरंजीवांनीं विचारलें, "आई, दादाचें नांव काय?"

आम्ही म्हणालों, "बारसें झालें नव्हतें, बाळ. नवव्या दिवशींच..."

"होतें," पत्नी म्हणाली. "मी मनांत ठेवलें होतें." आणि तिनें तें मुलांस सांगितलें. आम्हींहि तें तेव्हांच प्रथम ऐकिलें. तें नांव आम्ही येथें लिहीत नाहीं. पुलावरून एक मालगाडी जाऊं लागली. ती संपेपर्यंत कोणी बोललें नाहीं.

पेडगांवास जावें कीं घरीं परतावें, असा प्रश्न आम्हीं काढला. पत्नीच म्हणाली, "एवढे आलों आहों, तर जाऊंच." भीमा ओलांडली कीं जिल्हा बदलतो, पेडगांव श्रीगोंदें तालुक्यांत आहे. ऊन उतरतांना आम्ही बहादुरगडांत शिरलों. आतां लोक त्याला धर्मवीरगड म्हणतात. औरंगजेबाचा सुभेदार बहादुरखान कोकलताश याची येथें छावणी होती. 1674 मध्यें मराठ्यांच्या एका तुकडीनें त्याला हूल देऊन दूर पळविलें, आणि दुसऱ्या मोठ्या फौजेनें मागें रिकाम्या पडलेल्या छावणींतून खजिना आणि घोडे नेले, अशी गोष्ट प्रसिद्ध आहे. पंधरा वर्षांनीं याच ठिकाणीं संभाजी महाराज आणि कवि कलश यांना विदूषकाचा वेष चढवून उंटांवरून मिरवीत आणलें. सकाळीं ज्या कथेचा शेवट पाहिला तिचा हा आरंभ. आंत जुनीं देवळें आहेत. लक्ष्मीनारायणाच्या देवळाच्या भिंतीवरचें यादवकालीन कोरीव काम मावळत्या उन्हांत फार सुंदर दिसत होतें. आम्हीं त्यावर व्याख्यान दिलें नाहीं. मुलें आईबरोबर पुढें चाललीं होतीं आणि तिला तिच्या दौंडच्या दिवसांविषयीं विचारीत होतीं. शाळा कोठें होती, पावसाळ्यांत भीमेचें पाणी कोठवर येई, आजोबा रागावत का. तटाच्या एका पडक्या बुरुजावरून नदी दिसते. तेथें ती आमच्यासाठीं थांबली.

इतिहासाचीं स्मारकें दोन प्रकारचीं असतात, असें त्या दिवसापासून आम्हांस वाटूं लागलें आहे. कांहीं ठिकाणीं दगड असतो आणि त्यावर नांव असतें. त्यासाठीं माणसें भांडतात, जमतात, फुलें वाहतात. तें योग्यच आहे. कांहीं ठिकाणीं दगडहि नसतो आणि नांवहि नसतें; तेथें नुसतें जाणें हेंच स्मारक. ज्याला जाण्याचें धैर्य होत नाहीं तो मग दूरदेशचीं थडगीं पाहात हिंडतो. आम्हीं कविकोपऱ्यांत अर्धा दिवस काढला, आणि दौंडच्या फांट्यावरून दहा मिनिटांची वाट चाललों नाहीं. या हिशेबास कोणतेंहि पांडित्य पुरें पडत नाहीं.

सोलापूर रस्त्यानें परत येतांना मुलें पुढच्या आसनांवर आणि आम्ही दोघे मागें बसलों होतों. चौफुला मागें पडल्यावर पत्नीनें विचारलें, "तीं मडकीं कोठें ठेवलीं आहेत हो?"

"कोणतीं?"

"इनामगांवचीं. तोंडाला तोंड लावलेलीं."

इनामगांवचें सामान डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयांत आहे, पुण्यांतच, आमच्या घरापासून रिक्षानें अर्ध्या तासाच्या आंत. आम्हीं तसें सांगितलें. इतकीं वर्षें तेथेंहि आम्ही गेलों नव्हतों, हें तिनें विचारण्यापूर्वींच सांगून टाकिलें. कन्येची रजा संपण्यापूर्वीं चौघांनीं जावयाचें ठरलें आणि गेलोंहि. त्या खेपेस टिपण केलें नव्हतें.